दुष्काळाचं तांबडं पिंप

आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. आमच्या मिशनच्या देवळात, वेदीमागच्या खोलीतून काही पायऱ्या खाली उतरलं की एक थंड दगडी खोली होती. खिडकी नव्हती, छताजवळ एक विटेएवढा झरोका होता. तिथे दोन लाकडी पिंपं आडवी ठेवलेली असत, एक पांढऱ्या वाइनचं आणि एक तांबड्या. मिशनमधली माणसं त्यांना पांढरं पिंप आणि तांबडं पिंप म्हणत, गोठ्यातल्या दोन गायींविषयी बोलावं तसं.

ही वाइन मिस्सेसाठी, म्हणजे देवळातल्या आमच्या उपासनेसाठी लागायची. मिस्सेचा द्राक्षारस निव्वळ द्राक्षांचा हवा, त्यात पाणी नको, साखर नको, आणि तो आंबून त्याचा शिरका झालेला नको, असा नियम आहे. शिरका झालेल्या रसावर मिस्सा होतच नाही. राज्यात दारूबंदी होती तेव्हाही मिशनकडे एवढ्यापुरता सरकारी परवाना असे आणि तो चौकटीत घालून त्या खोलीच्या दारावर टांगलेला असे. संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावातून आसपासच्या चार-पाच देवळांना वाइन जायची. ती माझे पती करत.

ते मिशनच्या बोर्डिंगमधल्या मुलांना शेती शिकवत, म्हणून सगळे त्यांना शेतीमास्तर म्हणत. मी त्याच शाळेत पहिलीला शिकवत असे. द्राक्षांचा मांडव, रस काढायचं लाकडी यंत्र आणि ती दोन पिंपं हे त्यांना फादरांनी शिकवलेलं काम होतं. फादर जर्मनीतले. एका नदीकाठच्या डोंगरउतारावर त्यांच्या घराची द्राक्षं होती, आणि ती आता त्यांचा धाकटा भाऊ बघत होता. मराठी मात्र ते आमच्या गावच्या शेतकऱ्यांकडून शिकले होते. त्यामुळे तो उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस ‘लई’ आणि ‘व्हय’ म्हणत बोलायचा आणि मी, त्याच मातीतली, पुस्तकी बोलायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, यावर म्हणत, “फादर आमच्यातले झाले, तू मातुर जर्मनीची ऱ्हायलीस.”

वाइन कशी चाखायची हे मी दुष्काळाच्या आदल्या वर्षी शिकले. फादरांना दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती, त्याचा छोटा उत्सव झाला. त्यासाठी त्यांच्या भावाने तिकडून येणाऱ्या एका पाहुण्याबरोबर दोन बाटल्या आणि दोन उंच दांड्याचे काचेचे ग्लास पाठवले होते. बाटल्यांपैकी एक पांढरी, एक तांबडी. दोन्ही त्यांच्या मुलखातल्या उंची वाइनी. उत्सव आटोपला, पाहुणे गेले, आणि फादरांनी आम्हा दोघांना बंगल्याच्या ओसरीवर बोलावलं. वाइन करणाऱ्याने चांगली वाइन एकदा तरी चाखलेली हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या बाबतीत त्यांचा काही आग्रह नव्हता. ह्यांनीच मला बरोबर नेलं.

फादरांनी आधी ग्लास उजेडासमोर धरायला सांगितला. मग हलकेच फिरवून नाक आत घालायला. मग लहानसा घोट, तोंडात सगळीकडे फिरवून, आणि गिळल्यावर थोडं थांबायचं. “थांबनं महत्त्वाचं हाय,” ते म्हणाले. “ती मागून बोलती.” मग ते स्वतः तांबड्या वाइनचं वर्णन करू लागले. त्यात चेरी होती, रानातली कसलीशी फळं होती, त्यांच्याकडच्या लाकडाचा वास होता. आम्ही दोघं माना डोलावत होतो. अखेर ह्यांनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, “फादर, चेरी आम्ही कुठं पाहिलीय?”

फादर हसले. मग ठरलं की ज्याने जे खाल्लंय, हुंगलंय, त्याचंच नाव घ्यायचं. ह्यांनी पुन्हा घोट घेतला, बराच वेळ थांबले आणि म्हणाले, जांभूळ आहे. पिकून खाली पडलेलं, थोडं फुटलेलं. त्याच्या मागे तंबाखूचं सुकं पान आहे. आणि अगदी शेवटी नव्या पायताणाचं चामडं. फादरांनी डोळे मिटून ही तिन्ही नावं स्वतःशी म्हटली. चेरीपेक्षा जांभूळ जवळचं आहे, हे त्यांनी मान्य केलं.

पांढऱ्या वाइनचा पहिला घोट घेताच ह्यांनी डोळे बारीक केले. “आंब,” ते म्हणाले. हरभरा घाटे धरतो तेव्हा पहाटे त्याच्यावरून ओलं फडकं फिरवतात आणि ते पिळून आंबट पाणी काढतात, ती आंब. पोटदुखीवर थेंब-दोन थेंब देतात. त्या वाइनमध्ये तसाच स्वच्छ, दातांवर येणारा आंबटपणा होता. पण आणखी काहीतरी होतं आणि त्याला नाव सापडेना. त्यांनी दोन-तीनदा हुंगून पाहिलं आणि एकदम ग्लास माझ्या हातात दिला.

“तुझ्या वर्गाचा वास येतो का बघ.”

मी हुंगलं. ओली पाटी होती. पहिलीतली पोरं थुंकी लावून तळव्याने पाटी पुसतात आणि उन्हात हलवून वाळवतात, तेव्हा वर्गभर जो वास सुटतो तो. दगडाचा आणि पाण्याचा. मी तसं सांगितलं. फादरांनी ग्लास माझ्याकडून घेतला आणि स्वतः हुंगून पाहिला. मला वाटलं, थुंकीचं नाव घ्यायला नको होतं. पण ते म्हणाले, “तो डोंगर सगळा पाटीच्या दगडाचा हाय, बाई. माझ्या बापाच्या घराचं छप्पर बी पाटीचं हाय. पाऊस थांबला की असाच वास यायचा.”

त्यानंतर हा खेळ आमच्या घरात राहिला. चहा, ताक, डाळीचं आधण, विहिरीचं पाणी, कशालाही हे नाव शोधायला लावत. मी पुस्तकं वाचणारी, माझ्याजवळ शब्द जास्त होते. त्यांचं नाक जास्त चांगलं होतं. आत्याबाई म्हणत, ही दोघं जेवत न्हाईत, भाकरीची उलटतपासणी घेतात.

मग पाऊस गेला.

बाहत्तरचा दुष्काळ आमच्या भागात कसा होता ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. दुकानात तांबडी परदेशी मिलो ज्वारी आली, तिची भाकरी थापली की कडेने फुटायची. कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा गोडसर कोरडा खाऊ, मिळायची, पोरं तिच्यासाठी रांगा लावायची. मिशनच्या विहिरीने तळ गाठला आणि जे पाणी येई ते मचूळ, किंचित खारट. ते पिण्यासाठी मोजून दिलं जाई. द्राक्षांच्या मांडवाला पाणी देण्याचा प्रश्नच नव्हता.

पण मांडव जगवायचा, हे ह्यांनी ठरवलं होतं. मांडव एकदा मेला की पुन्हा उभा राहायला किती वर्षं जातील आणि तेवढी वर्षं फादर इथे असतील का, असं ते म्हणत. त्यांनी बोर्डिंगच्या मुलांच्या आंघोळीचा दगड उचलून मांडवाशेजारी नेला आणि त्याच्यापासून वेलींच्या मुळापर्यंत चर खणला. साबण बंद केला, कारण साबणाचं पाणी वेलींना चालत नाही. महिनेच्या महिने मिशनमध्ये साबणाचा वास नव्हता. दुसरा वास भरपूर होता. आमच्या घरातलं आंघोळीचं पाणीही ते बादलीने नेत. आत्याबाई मोरीत बसल्या की हे दाराबाहेर उभे. “अरं, मला आंगूळ तरी करू दे, का वरूनच झेलतोस?” असं त्या आतून विचारत.

गावाला हे आवडलं नाही. कोणाचं पिण्याचं पाणी त्यांनी घेतलं नव्हतं, तरी नाहीच आवडलं. टँकरपाशी बायका मला विचारत, “काय बाई, येलींची आंगूळ झाली का?” हसतच विचारत, पण ते हसणं मला घरापर्यंत पुरायचं. मी ह्यांना सांगितलं की ते म्हणत, द्राक्षं आली की बघतील. द्राक्षं आली तीही हरभऱ्याएवढी. गोड, जाड सालीची, बियांनी भरलेली. काळ्या द्राक्षांचा रस इतका गडद निघाला की ह्यांचे हात कित्येक दिवस निळे राहिले. दोन्ही पिंपं मिळून निम्मीच भरली असती, म्हणून ह्यांनी रस लहान पिंपांत घातला, वर मोकळी हवा राहू नये म्हणून.

एप्रिलात त्यांनी तांबड्यातला थोडा रस रबरी नळीने काढून चाखला. मीही चाखला. तोंड आवळून आलं. हिरडा चावल्यासारखं, डाळिंबाची साल चघळल्यासारखं. मी पाण्यासाठी मागे वळले. “दुष्काळाची आहे,” ते म्हणाले. “तिला राग आलाय. उतरायला वेळ दे.” नळी धुऊन त्यांनी खुंटीला टांगली.

मे महिन्यात त्यांना कावीळ झाली. त्या वर्षी पाण्यामुळे ती पुष्कळांना झाली आणि पुष्कळ जण बरे झाले. हे झाले नाहीत.

माणूस गेल्यावर जेवणाची चव जाते असं ऐकलं होतं. माझं तसं झालं नाही. चव सगळी कळत होती, तिला नाव सांगायला समोर कोणी नव्हतं. जूनमध्ये पाऊस आला, शाळा उघडली, नवी पोरं नव्या पाट्या घेऊन आली. मी वर्गाची दारं-खिडक्या सताड उघडी ठेवायला लागले. टँकर बंद झाला. मला आता कोणी वेलींच्या आंघोळीबद्दल विचारत नव्हतं. मी दिसले की बायका बोलणं थांबवत, मान बाजूला करत, आणि त्यापेक्षा ते विचारणं बरं होतं असं मला वाटे. पाणी वाया घातलं, हेच त्यांच्या मनात अजून असणार, आणि ते खोटं पाडायला आता एकच गोष्ट उरली होती. ती तळघरात पिंपात होती.

फादर नवी वाइन नोव्हेंबरात उघडत. त्यांच्या मुलखातली ती रीत. आमच्यात नोव्हेंबर हा मृतांचा महिना. पहिल्या आठवड्यात देवळात वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. त्या वर्षी यादी लांबली. ह्यांचं नाव वाचलं तेव्हा आत्याबाई पदर तोंडावर घेऊन बसून राहिल्या. त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी फादरांनी आम्हा दोघींना निरोप पाठवला की आज पिंपं उघडतो, तुम्ही यावं.

खाली उतरल्यावर फादरांनी खुंटीवरची रबरी नळी काढली. दुमडून टांगलेली होती, तिथेच ती चिरली होती. दुसरी आणायची म्हणजे संगमनेरला माणूस पाठवायचा. फादर म्हणाले, नको, आज तोटीनेच काढू. हे असताना तोटी कधी वापरत नसत, तळचा गाळ ढवळतो म्हणून. फादरांनी पहिली धार बाजूला सोडून दिली. पांढरी वाइन त्यांनी बंगल्यातल्या चिनी मातीच्या जगमध्ये घेतली. तांबडीसाठी आणखी भांडं हवं होतं. तेव्हा आत्याबाईंनी पदराआडून तांब्या काढला.

तो ह्यांचा पाणी प्यायचा पितळी तांब्या. घरातलं सगळ्यात चांगलं भांडं तेच होतं. त्यांनी तो सकाळीच चिंच लावून घासला होता, बाहेरून आणि आतूनही, इतका की सोन्यासारखा दिसत होता. लेकाची वाइन लेकाच्या तांब्यात, असं त्या म्हणाल्या. फादरांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तोटीखाली धरला.

तेवढ्यात वर कोणीतरी हाका मारू लागलं. लांबच्या एका वस्तीवर एक म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता, त्याचा मुलगा सायकलवर फादरांना न्यायला आला होता. मरणाऱ्याच्या कपाळाला अखेरचं पवित्र तेल लावायचं तर थांबता येत नाही. फादरांनी तांब्यावर ताटली झाकली, जग शेजारी ठेवला आणि फटफटी काढली. आम्ही घरी आलो. आत्याबाईंनी दुपारभर काही खाल्लं नाही. मला वह्या तपासायच्या होत्या. एकही तपासून झाली नाही.

फादर आले तेव्हा उन्हं कलली होती. आम्ही पुन्हा खाली उतरलो. भावाने पाठवलेल्या दोन ग्लासांतला एक फुटला होता, दुसरा त्यांनी जपून ठेवला होता. त्यात त्यांनी आधी पांढरी ओतली, हुंगली, घोट घेतला, थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, “वल्ली पाटी.” मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकले. मग त्यांनी ग्लास धुतला, पुसला आणि तांब्यातली तांबडी ओतली.

घोट घेतला मात्र, त्यांचं तोंड बदललं. ते वळले आणि कोपऱ्यात थुंकले. इतक्या वर्षांत मी त्यांना थुंकताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा थोडी जिभेवर घेतली, पुन्हा थुंकले आणि ग्लास पिंपावर ठेवून दिला.

“गेली,” ते म्हणाले. “बाई, ही गेली.”

मग त्यांनी हळूहळू समजावून सांगितलं. वाइनला कसले कसले रोग होतात. हिच्यात लोखंड चाटल्यासारखी कडू, घाण चव आली आहे. असला रोग त्यांनी आजवर पाहिला नव्हता, पण दुष्काळाची द्राक्षं, तळाचं पाणी, कशाने काय झालं असेल सांगता येत नाही. मास्तरांचा यात काही दोष नाही. अशी वाइन वेदीवर नेता येणार नाही. सोमवारी पिंप मागच्या खड्ड्यात ओतून देऊ, तांबडी पुण्याहून मागवू. ते सगळं खाली बघून बोलत होते.

आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या. सगळं संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “पानी बी गेलं अन् पोरगा बी.”

मी तांब्या उचलून घरी आणला. आतली वाइन ओतून तो घासून ठेवायचा, एवढंच मनात होतं. मोरीशी गेले, तांब्या कलता केला आणि थांबले. खराब असली तरी ती त्यांच्या हातची होती आणि मी तिचा एकही थेंब चाखला नव्हता. मला फादरांनी विचारलं नव्हतं आणि मीही मागितलं नव्हतं. मी तांब्या तोंडाला लावला.

चव घाणच होती. पण मी सवयीने थांबले, ती मागून काय बोलते ते ऐकायला, आणि मागून जे आलं ते मला ओळखीचं होतं. मी ते पूर्वी खाल्लं होतं. नाव सापडेना. मी चुलीपाशी बसून राहिले. मग आठवलं. माहेरी एकदा पाहुणे जास्त आले म्हणून काकूने मोठ्या पितळी पातेल्यात ताकाची कढी केली होती. पातेल्याची कल्हई उडाली होती हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. अशीच कडवट, जिभेच्या कडांना चावणारी हिरवी चव. आईने पहिल्याच घासाला ताट सरकवलं आणि म्हणाली, कढी कळकली.

मी तांब्या दारात उजेडाला नेला, वाइन वाटीत ओतली आणि आत पाहिलं. आतून तो तांब्या नुसता पिवळाधमक होता. दुष्काळात कल्हईवाला आमच्या गावाला फिरकलाच नव्हता. तोही कुठे खडी फोडत असेल. उरलीसुरली कल्हई आत्याबाईंनी सकाळी चिंचेने घासून काढली होती, आदरापोटी. आणि अशा तांब्यात ती आंबट वाइन सकाळपासून उन्हं कलेपर्यंत उभी होती. त्यात कुठलीही वाइन कळकली असती. फादरांच्या भावाची सुद्धा.

आत्याबाईंना मी काही सांगितलं नाही. पदर खोचला आणि बंगल्यावर गेले. फादर ओसरीवर उद्याच्या प्रवचनाची तयारी करत होते.

“फादर, पिंप ओतू नका,” मी म्हणाले. “भांडं कळकलंय. वाइन नाही.”

त्यांना तो शब्द माहीत नव्हता. गावातल्या शेतकऱ्यांकडून त्यांनी बियाणं, औत, पाऊस, मरण, सगळ्याचे शब्द घेतले होते, पण स्वयंपाकघरात ते कधी शिरले नव्हते. जन्मभर ते जर्मनीत चिनी मातीच्या आणि इथे बंगल्यातल्या पांढऱ्या मुलाम्याच्या ताटात जेवले. कल्हई उडालेल्या पितळेत ताक का ठेवत नाहीत, हे त्यांना सांगावं लागलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, “मंजे मी तांब्याची चव घेतली?” मी हो म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मंग चला.”

पायऱ्या उतरताना माझा धीर सुटत चालला. मघाशी वाइन खराब निघाली तेव्हा निदान दुसरी काही शक्यता उरली होती, मला ती ठाऊक नव्हती एवढंच. आता ती एक शक्यता आम्ही हातात घेऊन चाललो होतो. आताही खराब निघाली तर पुढे काहीच नव्हतं. एप्रिलातला तो तोंड आवळणारा घोट मला आठवत होता.

फादरांनी तोटी सोडली, थोडी धार वाया जाऊ दिली आणि ग्लास थेट तिच्याखाली धरला. मग मेणबत्ती पेटवून ग्लास तिच्यासमोर नेला. मध्ये अगदी काळा, कडेला जांभळाच्या सालीसारखा रंग. त्यांनी ग्लास स्वतःकडे नेला नाही. माझ्यापुढे केला.

“तुमी आधी.”

मी हुंगलं. आधी नुसता लाकडाचा आणि खोलीचा कोंदट वास. ग्लास फिरवला. मग गुऱ्हाळ आलं: कढईतून काकवी काढताना येतो तो दाट, करपायच्या आधीचा वास. मी घोट घेतला. तोंड अजूनही आवळत होतं, पण आता ते डाळिंबाच्या सालीचं आवळणं नव्हतं. भाजलेला चिंचोका तोंडात धरला की हळूहळू जसा सुटतो तसं. त्याच्या आत जांभूळ होतं. मी गिळलं आणि थांबले. बऱ्याच वेळाने, सगळ्यात मागून, किंचित खारट असं काही आलं. ते काय आहे हे मला लगेच कळलं आणि लगेच सांगता आलं नाही.

“बाई, शब्द सांगा,” फादर म्हणाले.

मी सांगितले. काकवी, जांभूळ, चिंचोका. आणि शेवटी आपल्या विहिरीच्या तळाचं पाणी.

फादरांनी ग्लास घेतला. त्यांनी हुंगलं, घोट घेतला, तोंडात फिरवला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकत असतो तेव्हा घरची माणसं पाहतात तशी. ते कोपऱ्याकडे वळले नाहीत. त्यांनी गिळलं. डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, “व्हय. विहिरीचं पानी हाय.” आणि आणखी एक घोट घेतला, जो चाखण्यासाठी घेण्याची गरज नव्हती.

“माझ्या भावाच्या वाइनवानी उंची न्हाई,” ते म्हणाले. “पन निरोगी हाय, बाई. अगदी निरोगी हाय. मास्तर मला बी बोलले हुते, राग उतरंल.”

मी पायरीवर, मघाशी आत्याबाई बसल्या होत्या तिथेच, बसले. मेपासून छातीत काहीतरी ताठ धरून ठेवलं होतं, ते सुटलं. मी रडले नाही. मला मोठा, लांब श्वास आला, पाण्याखालून वर आल्यावर येतो तसा, आणि मग आणखी एक. फादर परवान्याची चौकट उगीच सरळ करत राहिले.

मग त्यांनी ग्लास पुन्हा अर्धा भरला आणि तो स्वतः हातात धरून आमच्या घराकडे निघाले. अंगण ओलांडताना त्यांनी दुसरा हात ग्लासवर झाकला होता. आत्याबाई दारात निवडणं घेऊन बसल्या होत्या. फादर त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं: तांब्या, चिंच, कल्हई. ते त्यांच्या मनाला लागेल म्हणून मी मध्ये बोलणार होते, पण फादरांनी स्वतःवरच घेतलं. एवढी वर्षं या देशात राहून मला पितळ ओळखता आलं नाही, असं म्हणाले.

आत्याबाईंनी ग्लासकडे पाहिलं. “ह्यो काचंचाच हाय ना?”

“काचंचाच.”

त्यांनी पदराने ग्लासची कड पुसली आणि घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

“ह्येच्यासाटी माजं आंगुळीचं पानी नेत हुता व्हय?” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून आणखी एक घोट घेतला. या वेळी तोंड वाकडं झालं नाही. “जांभळं घातलीत का ह्यात?”

फादरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते इतके हसले की शेजारची मंडळी दारात आली. त्यांत टँकरपाशी मला विचारणाऱ्याही होत्या. फादरांनी त्यांना आपणहून सांगितलं की शेतीमास्तरांची तांबडी चांगली उतरली आहे, पाच देवळांना वर्षभर पुरेल. त्या म्हणाल्या, बरं झालं. एकीने विचारलं, मांडव यंदा छाटला का, कोणी छाटला? मी सांगितलं की बोर्डिंगच्या मोठ्या मुलांनी छाटला, मास्तरांनी शिकवला होता तसा. ती म्हणाली, मग फुटंल.

त्या संध्याकाळी मी भाकरी केल्या आणि थापता थापता फादरांना सांगितलेले चारही शब्द, विहिरीच्या पाण्यापर्यंत, आत्याबाईंना सांगितले. आत्याबाईंनी दीड भाकरी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. मीठ बरोबर होतं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सेत फादरांनी तांबडीच घेतली होती, हे चषकात ओतताना दिसलेल्या रंगावरून मला कळलं. आमच्याकडे भाकर सगळ्यांना मिळते. द्राक्षारस फक्त फादर घेतात. त्यांनी चषक तोंडाला लावला, प्याले, आणि खाली ठेवायच्या आधी जरा थांबले. पुढच्या बाकांवरची पोरं चुळबूळ करू लागली. गाणाऱ्यांनी वर पाहिलं. फादर डोळे मिटून तसेच उभे होते, आणि ते कशासाठी थांबले आहेत हे सगळ्या देवळात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

आत्याबाईंनी मला कोपराने ढोसलं. “हिरीपातुर पोचले,” त्या पुटपुटल्या.